आईच्या अंदाजाने
"एखादी कृती समजावणारा परिच्छेद लिहा," असं कॉलेजात सांगितलं, तेव्हा अंबिकाने आईचे उकडीचे मोदक निवडले. सरांनी कागद परत दिला; जागोजागी 'अंदाजाने' या शब्दाभोवती लाल गोल होते. "कोणाच्या अंदाजाने? वाचणारा काही तुमच्या लालबागच्या स्वयंपाकघरात उभा नाही." आईला प्रमाण विचारलं तर ती उखडली, "अंदाज म्हणजे अंदाज गो! माका वाटी कित्याक व्हयी?" मग अंबिकाच वाटी घेऊन शेजारी उभी राहिली. आई पाणी ओतायला गेली, की तिचा हात अडवून आधी मोजायची, मग लिहायची. नव्याने लिहिलेला परिच्छेद तिने सरांना दिला. सोमवारी सरांनी गुणांऐवजी डबा दिला. "जन्मात पहिल्यांदा मोदक केले. फक्त तुझा परिच्छेद समोर ठेवून." घरी आईने मोदक उलटसुलट पाहिला, घास खाल्ला आणि ती थबकली. "कोणी केल्यान?" "सरांनी." "आकार वाकडो, पण उकड माझीच गो!"