तळ्यावरचा संडास

पाक लुरा कुदळवाली माणसं घेऊन आले, तेव्हा मा ओनी आधीच संडासात जाऊन बसली होती.

आमच्याकडे संडास तळ्यावर असतात. बांबूचे चार खांब, वर फळ्या, भोवती गोणपाट आणि खाली मासे. पाक लुरांनी, म्हणजे आमच्या गावप्रमुखांनी, गेल्या आठवड्यात गावातले असले सगळे संडास पाडून टाकले होते. आज जिल्ह्याच्या बाई येऊन गाव हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर करणार होत्या. मा ओनीचा तेवढा उरला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका आता तिच्याकडेच यायच्या. नाहीतर पहाटे केळीच्या बागेत जावं लागे, आणि तिथे टवाळ पुरुष बॅटऱ्या मारत बसलेले असत.

"मा, बाहेर या. पाहुणे पोचतील."

"पोचू देत."

"अंगणात नवा बांधून दिलाय ना तुम्हाला? त्याच्याशेजारी उभं करून फोटोसुद्धा काढला तुमचा."

"त्यात बादलीभर पाणी ओतून दाखव. ते खाली उतरलं, की मी उतरते."

पाक लुरांनी अंगणातल्या नव्या संडासाकडे पाहिलं. भांडं पांढरंशुभ्र होतं, दार निळं होतं. भांड्याखाली मात्र नुसती जमीन होती. खड्डा कुणाच्याच अंगणात खणला नव्हता, कारण खड्डा फोटोत दिसत नाही.

मा ओनीची शेजारीण इमास बादली घेऊन बांधावर उभी होती. तिला सातवा महिना लागला होता. ती म्हणाली, "पाक लुरा, खड्डे तरी खणून द्या आधी. हाही पाडलात तर मी या पोटाने जायचं कुठे?"

"खणू गं. दोन दिवस कळ काढा."

"तू काढून दाखव दोन दिवस," मा ओनी आतून म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या.

तेवढ्यात गाडी आलीच. जिल्ह्याच्या बाई, बू हेस्ती, जकार्तात वाढलेल्या, इकडे नुकत्याच बदलून आलेल्या. त्या बूट सांभाळत बांधावरून थेट तळ्यापाशी आल्या आणि त्यांनी गोणपाटाकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

पाक लुरांच्या कपाळावर घाम आला. "ही... माशांना खाऊ घालायची जागा."

"आत कुणी आहे का?"

"आमच्या मा ओनी आहेत. रोज सकाळी स्वतः घालतात."

खोटं तरी कुठे होतं त्यात? बायकांनी ओढण्या तोंडात कोंबल्या.

मा ओनी बाहेर आली, तिने बांधावरच्या पिंपातल्या पाण्याने हात धुतले. बू हेस्तींनी ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "अशा माणसांमुळेच गावं टिकतात," त्या म्हणाल्या. "पाक लुरा, आज जेवायला याच तळ्यातले मासे करा. बाहेरून काही मागवू नका."

मा ओनीचा चेहरा पडला. तळ्यातला मासा आम्हीही खातो, पण त्याला आधी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडतो, पोट साफ होईपर्यंत. काढला आणि तळला, असं शत्रूलाही कुणी करत नाही.

"बाई, हा मासा लगेच खायचा नसतो," ती म्हणाली. "काही दिवस त्याला ओढ्यात..."

"मा, पाहुण्यांना ताजाच हवाय," पाक लुरांनी तिला मध्येच तोडलं. मग कुदळवाल्या माणसांना त्यांनी जाळं आणायला पिटाळलं.

गावच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात पंगत बसली. मा ओनीला मानाने बू हेस्तींच्या शेजारी बसवलं. ती भात आणि काकडी चघळत राहिली.

"मासा नाही घेतलात?"

"दात नाहीत, बाई."

बू हेस्तींनी सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं काढून स्वतःच्या हाताने पाक लुरांच्या पानात वाढलं. आम्ही कठड्याबाहेर उभ्या राहून बघत होतो. वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी निमित्त काढून उठेल, किंवा निदान त्या बाईंना थांबवेल. लहानपणापासून याच तळ्यांच्या काठी वाढलेला माणूस तो, त्याला काय ठाऊक नव्हतं? पण नाही. त्याने गालाचं मांस ओरबाडून खाल्लं, डोळे चोखले, बोटं चाटली आणि वर चटणी मागून घेतली. आम्हाला माशाची नव्हे, त्या माणसाचीच किळस आली.

जेवणानंतर टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र मिळालं, गाडी गेली.

दुपार उतरताना पाक लुरा दात कोरत तळ्यावर आले. फळ्यांपाशी बायकांची रांग लागली होती. ते आले तशी ती आक्रसली.

"घाबरू नका, हा पाडायचा नाही," ते मा ओनीला म्हणाले. "बाईंना मासे फार आवडले. दर महिन्याला पाहुणे घेऊन येणार आहेत. वर छान पाटी लावू, मत्स्यपालन केंद्र म्हणून."

"आणि आमचे खड्डे?" इमासने विचारलं.

"आता कशाला? गाव मुक्त झालं की."

इमासने बादली उचलली, एक हात पोटाखाली धरला आणि फळ्या चाचपत आत जाऊन गोणपाट ओढून घेतलं. पाक लुरा हलले नाहीत. पाटी कुठे ठोकायची ते मान वर करून बघत राहिले.

खाली पाण्यात मासे धावत आले.