न उठणारे काका

साहेब आत आले आणि छत्तीस खुर्च्या मागे सरकल्या. सदतिसावी सरकली नाही. तिच्यावर नकाशेकाका बसले होते, दात आवळून, साहेबांकडे रोखून बघत.

पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी साहेबांची फेरी निघायची. ते एकेका टेबलापाशी थांबायचे, कागद खालीवर करायचे, कुणाला तरी झापायचे, आणि केबिनचं दार बंद होईपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. असा लेखी नियम कुठेच नव्हता. लेखी असता तर कुणीतरी त्यात पळवाट शोधली असती.

काकांनी सत्तावीस वर्षं इमानेइतबारे उभं राहून काढली होती. त्या दिवशीही ते उठणारच होते, पण गुडघ्यांनी ऐन वेळी संप पुकारला. संधिवात दोन वर्षांपासून मुक्कामाला होता आणि सकाळी तर गुडघ्यांच्या गंजलेल्या बिजागऱ्या व्हायच्या. आजवर काकांनी वेळ मारून नेली होती. कधी ते पाच मिनिटं आधीपासूनच कपाटाला टेकून उभे राहायचे, कधी फोन कानाला लावून बसायचे. त्या दिवशी उठायला गेले, कळ मस्तकात गेली, ते दात आवळून पुन्हा खाली बसले आणि नेमके साहेब समोर. हॉलला मात्र दिसला तो करारी चेहरा.

जेवणाच्या सुट्टीत लोक हात मिळवायला आले. काकांच्या बोटांचे सांधेही सुजलेले होते, त्यामुळे चौथ्या हातापर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना तेही फार भावलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा बसून राहिले, कारण दुसरा इलाज नव्हता, आणि त्यांच्यासोबत चौघं बसले. महिन्याभरात अर्धा हॉल बसला. टपाल सांभाळणाऱ्या मुलीला आठवा महिना लागला होता. तिला रोज पंधरा मिनिटं पोट सावरत उभं राहावं लागायचं. तीही बसली, आणि घरी जाताना काकांना म्हणाली, हे सगळं तुमच्यामुळे. काका काय बोलणार, कप्पाळ!

खरं सांगायचं तर काकांना हे आवडायला लागलं होतं. आजवर त्यांना कुणी शूर म्हटलं नव्हतं. बायकोने तर एका झुरळाच्या प्रकरणानंतर ती आशाच सोडली होती. तिला खरं काय ते ठाऊक होतं. डॉक्टरांनी उंच खुर्ची, तिरकं टेबल, दर अर्ध्या तासाने चार पावलं चालणं, असं सगळं ऑफिससाठी लिहून दिलं होतं आणि ती चिठ्ठी तीन आठवडे काकांच्या खिशात चुरगळत होती. क्रांती काय करायची ती करा, पण आधी गुडघ्यांचं बघा, असं बायको रोज सुनावायची.

शेवटी साहेबांनीच केबिनमध्ये बोलावलं. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि साहेबांनी तिथूनच सुरुवात केली. असंच चाललं तर ती तीन वर्षं पुरी होणं कठीण आहे, म्हणाले. काकांचं शौर्य जागच्या जागी गळालं. त्यांनी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. मग ते हसायला लागले ते थांबेचनात. महिनाभर ज्याची धास्ती घेतली, तो बंडखोर सांधेदुखीचा पेशंट निघाला होता. हसून झाल्यावर साहेब फार गोड झाले. खुर्ची मागवतो, टेबलही मागवतो, तीन वर्षांची काळजी सोडा, म्हणाले. फक्त खुर्ची आली की सकाळी उभं राहायचं. काका उठले की बाकीचे झक मारत उठतील. आणि काका नाहीच उठले, तर ही चिठ्ठी सूचनाफलकावर लागेल, म्हणजे काकांचा बाणा नक्की कुठल्या सांध्यात आहे ते सगळ्यांना कळेल.

दोन दिवसांनी संध्याकाळी खुर्ची आली. झकास होती. ती बघून हॉलने काय समजायचं ते समजून घेतलं आणि तोंडं फिरवली. टपालवाली मुलगी मात्र नेहमीसारखीच हसली, आणि काकांना तेच जास्त लागलं.

सकाळी कुणी यायच्या आत काका ऑफिसात पोचले. त्या खुर्चीतून ते तीनदा उठून पुन्हा बसले. एकदाही कळ आली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते धड माणसासारखे उठले होते, आणि त्यांना इतका आनंद झाला की चौथ्यांदा ते उगाचच उठले.

नऊ दहाला दार उघडलं. अर्धा हॉल सवयीने उठला. उरलेला अर्धा काकांकडे बघत होता. टपालवाल्या मुलीने उठायच्या तयारीने टेबलावर हात टेकले. साहेब आज कुठेही न थांबता थेट काकांपाशी आले. त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती. काकांचे पाय जमिनीवर नीट टेकलेले होते. नुसतं पुढे झुकलं की काम झालं असतं.

काका मागे टेकून बसले.

साहेबांनी चिठ्ठीची घडी उलगडली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, फार मायेने विचारलं, "काय काका, गुडघे फारच दुखताहेत का आज?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "आज अजिबात दुखत नाहीत."