साधा बोर्ड

“दोन्ही बसतील, काकू.” दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली. “तुमचा प्रोसेसर, तुमची मेमरी, सगळं दोन्हींवर चालेल. हा साधा बोर्ड. हा थोडा महाग, पण लाख मोलाचा.”

आईने पर्स घट्ट धरली. लेकीने बजावलंच होतं, दुकानदार काहीतरी गळ्यात मारायला बघेल.

“काय एवढं विशेष त्यात?”

“याला एक वेगळं पोर्ट आहे. त्यात नेटची वायर लावून ठेवायची, बस. मशीन गोठू दे, बंद पडू दे, मुलगी जिथे असेल तिथून त्याचं बटण दाबू शकते. घरात माणूस लागत नाही.”

घरात माणूस लागत नाही. किती कौतुकाने सांगत होता तो.

महिनाभर या मशीननेच घरातला फोन वाजता ठेवला होता. त्याआधी लेकीचे फोन म्हणजे जेवलीस का, बरी आहेस ना, चल ठेवते. दूरच्या शहरात नोकरी, भाड्याची खोली. बोलायला विषयच उरला नव्हता. मग एक दिवस तिने काढलं, की सरावासाठी घरी एक सर्व्हर उभा करायचा. एकाच मशीनच्या पोटात चार-पाच वेगळी मशीनं चालवायची.

“म्हणजे एका घरात चार बिऱ्हाडं,” तिने समजावलं होतं. “आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच.”

“इथे अख्ख्या घरात एकच बिऱ्हाड आहे. तेही अर्धं.”

दोघी हसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी.

खोलीवर घरमालकीण आवाजाला कुरकुरते, म्हणून मशीन आईकडे. तेव्हापासून रोज फोन. कुठला प्रोसेसर पोटात बिऱ्हाडं ठेवून घेतो आणि कुठला नाही. कोणत्या बोर्डाशी त्याचं जमतं, कोणाशी छत्तीसचा आकडा. आई दुकानातून फोटो पाठवायची. लेक ओरडायची, “अगं आई, याचं सॉकेट वेगळं, हा जन्मात बसायचा नाही!” आई म्हणायची, “तुझ्या बाबांना होकार देताना मी एवढी चौकशी केली नव्हती.”

परवा तर मशीन ठेवायची जागा बघू म्हणून लेकीने तिला फोन हातात धरून घरभर फिरवलं. स्वयंपाकघरातसुद्धा.

“इथे ठेवणार आहेस का, तेलाच्या बरणीशेजारी?”

“असू दे गं. दाखव ना.”

शिवाय आईला एक कामही नेमून दिलं होतं. मशीन कधीमधी गोठणारच. मग लेक फोन करणार, आईने जाऊन बटण दाबायचं आणि सगळं पुन्हा सुरू होईस्तोवर फोन धरून थांबायचं. “म्हणजे मी तुझी शिपाई,” आई वरवर कुरकुरली होती. मनातून मात्र तिला वाटत होतं, मेलं रोज गोठावं.

“साधाच द्या,” ती दुकानदाराला म्हणाली.

खोकं छातीशी धरून ती पायऱ्या उतरली. सिग्नलपाशी आली. दिवा हिरवा झाला, माणसं दोन्ही बाजूंनी निघून गेली, ती तिथेच उभी. समोर दिसत होतं ते वेगळंच. ऐन कामाच्या वेळी मशीन गोठलंय, आपण दवाखान्यात रांगेत बसलोय आणि लेक तिकडे फोन लावून लावून रडकुंडीला आलीय. आपल्याला करमत नाही म्हणून पोरीच्या पायात दोरी बांधायची?

ती परत वळली.

“काय झालं काकू, मुलगी रागावली वाटतं?”

“तिला काही सांगितलेलं नाही. तो दुसरा द्या. वरचे पैसे मी घालते.” तिने छातीशी धरलेलं खोकं काउंटरवर ठेवलं.

रविवारी दुपारी जोडणी झाली. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर लेक, आईच्या हातात पेचकस. प्रोसेसर अलगद खाली बसला. मेमरीने दोन्हीकडून टक् केलं.

“शाब्बास! आता बटण दाब. घाबरू नकोस, चावत नाही ते.”

पंखा फिरला. दिवा लागला. लेकीने टाळ्या वाजवल्या. तिच्या मागे नुसती भिंत होती, टाळ्या जरा जास्तच घुमल्या.

आता सांगायलाच हवं होतं. आईने वायरचं टोक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि जमेल तेवढं हसून म्हणाली, “तू एक सांगायला विसरलीस बघ. तरी बरं, दुकानदार भला निघाला. मी वेगळ्या पोर्टाचा बोर्ड आणलाय. ही वायर लावली की तुझं तू तिथूनच बंद कर, चालू कर. मला फोन करायची गरजच नाही. सुटलीस!”

पडद्यावर लेक हलेना. आईला वाटलं, नेट अडकलं.

“ऐकू येतंय ना गं?”

“येतंय.” लेकीने बाहीला नाक पुसलं. “विसरले नव्हते, आई. ती वायर तेवढी नको लावूस.”