शंभरातल्या दहा

“बाळाला लस टोचायच्या आधी त्याचं रक्त तपासून घे,” ताईनं फोनवर बजावलं होतं. “आपले धाकटे मामा कसे गेले, आठवतंय ना?”

तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. “तुझं आपलं काहीतरीच, ताई. गुटगुटीत आहे माझं बाळ. नसतं खूळ डोक्यात घालू नकोस.” सासूबाई शेजारीच होत्या. “आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणावं,” त्या म्हणाल्या. विषय संपला.

लस टोचली. पुढं काखेत गाठ आली. मग ताप. मग औषधामागून औषध. “जरा आधी कळलं असतं तर…” डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

त्याला तीन वर्षं झाली. आता ती खोली क्रमांक चारमध्ये बसली होती, जाड काचेच्या आत. पलंगावरचं पोरगं छातीवरच्या नळीची पट्टी उचकटत होतं.

“हात खाली.”

“माऊ, खाजतंय.”

“माऊ चावेल हं.” तिनं मास्कवर पेनानं मिशा काढल्या होत्या. ती फिस्कारली. पोरगं हसायला गेलं आणि तोंडातल्या फोडांनी कळवळलं.

आत एकाच बाईला राहता यायचं, तेही सहा आठवडे बाहेर पाऊल न टाकता. आत राहील ती आई, बाहेरचे सगळे पाहुणे, अशी वॉर्डाची भाषा. ठेंगणी नर्स दिवसातून चारदा दारातून डोकवायची. “आई, जेवलात का? नाहीतर तुम्हालाच सलाईन लावते बघा.”

आजार तिला आता तोंडपाठ होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. चोर शिरला की या पोराचे पहारेकरी धावत जायचे, पण हातात काठीच नाही. लसीतले अर्धमेले जंतूसुद्धा अशा मुलाला पुरून उरतात. दोष आईकडून येतो. आई धडधाकट आणि मुलगा अंथरुणावर.

पोराच्याच मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यातली चूक दुरुस्त केली होती. मग कडक औषधांनी हाडांतला मगज रिकामा करून त्या परत सोडल्या. पिशवी एवढीशी, अर्धी वाटी भरेल न भरेल.

“शंभरातल्या दहा जरी कामाला लागल्या, तरी पोरगं तरेल,” मोठे डॉक्टर म्हणाले होते. “पण हा प्रयोग आहे. हा आमचा तिसराच मुलगा. शब्द देत नाही.”

ताई रोज चार वाजता काचेबाहेर यायची. तिला जुना दमा. खोकणाऱ्याला आत मज्जाव. ती भिंतीवरचा फोन कानाला लावून उभी राहायची आणि काचेवर तळहात टेकवायची. नर्स मागून ती काच पुसायची.

सतराव्या दिवशी ताप चढला. एकोणिसाव्या दिवशी पहिला अहवाल आला. शंभरातल्या दोन.

“दोनच?” ताईचा आवाज फोनमध्ये फाटला.

“अजून वेळ आहे म्हणाले.”

“असंच म्हणतात गं हे लोक.” ताई बराच वेळ खोकली. “मी तेव्हा तुझ्याशी कडाकडा भांडायला हवं होतं.”

“आता नको, ताई.”

“फोनवर कसली समजावत बसले? गाडी पकडून यायला हवं होतं.”

“ताई, तो बघतोय.”

दोघी एकदम हसल्या. पोरानं बाहेर बघून हात हलवला, मग आत. त्याला तापातही दोन प्रेक्षक हवे असायचे.

पुढचे बारा दिवस ती आकड्यांवर जगली. ताप लिहायची, लघवी मोजायची, पोरगं झोपलं की त्याच्या छातीचं वरखाली होणं मोजायची. नर्स म्हणाली, “आई, घड्याळसुद्धा मधे थांबतं हो.”

“एकदा डोळा लागला होता माझा,” ती म्हणाली. “आता नाही लागत.”

एकतिसाव्या दिवशी नर्स कागद नाचवत आली. “चौतीस! शंभरातल्या चौतीस! पहारेकऱ्यांना काठ्या मिळाल्या हो!”

बाहेर ताईनं दोन्ही तळहात काचेवर टेकवले. डॉक्टर हसत होते. पोरानं विचारलं, “म्हणजे मी मातीत खेळू?”

ती न्हाणीघरात गेली. नळ पूर्ण सोडला, तोंडात टॉवेल कोंबला. बाहेर सगळ्यांना वाटलं, आनंदाचे अश्रू आहेत. नळाच्या आवाजात सगळं रडणं सारखंच ऐकू येतं.

सहा आठवडे भरले. निघायच्या दिवशी नर्सनं एक वही पुढं केली. घरी जाणाऱ्यानं पुढच्या पेशंटच्या माणसांसाठी चार ओळी लिहायच्या, असा तिथला शिरस्ता.

“काय लिहू? देव पाठीशी आहे वगैरे?”

“ते सगळेच लिहितात,” नर्स म्हणाली. “तुमच्या मनातलं लिहा. नाव नको. खाली फक्त मुलाशी असलेलं नातं.”

तिनं काचेतून ताईकडं पाहिलं. ताईनं मान हलवली. मग तिनं लिहिलं:

‘तुमच्या लेकराची काळजी हे लोक नीट घेतील. तुम्ही आधी तुमच्या बहिणीची चौकशी करा. तिला बाळ झालं असेल, व्हायचं असेल, तर त्याचं रक्त तपासलं का ते विचारा. ती हसेल. खूळ म्हणेल. फोन ठेवेल. पुन्हा लावा. नाहीच ऐकलं तर गाडी पकडा, तिच्या घरी जा आणि बाळाला स्वतः उचलून न्या. आजच जा. सात महिने फार थोडे असतात. माझ्या बाळाला तेवढेच मिळाले.

— खोली चारमधल्या मुलाची मावशी.’