यशवंतरावांचा पतंग

"रागावणार नाही ना, मॅडम?" असं विचारत इरावतीने काचेची बरणी टेबलावर ठेवली. करंजाच्या एकाच फांदीवरच्या अळ्या तिने वाढवल्या होत्या. त्यांतून तांदळाएवढे पतंग निघाले होते. नर करडे, माद्या पिवळ्या.

मॅडम समजल्या. रानात त्यांच्यासाठी दिव्यामागे पांढरी चादर धरून उभे राहणारे यशवंतराव गेले, त्या वर्षी मॅडमनी हा करडा पतंग नवी जात म्हणून नोंदवला होता आणि त्याला नवऱ्याचं नाव दिलं होतं. त्याची मादी कुणालाच सापडली नव्हती. पिवळ्या पतंगाला मात्र कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच वेगळी जात ठरवलं होतं. आता दोन्ही एकच निघाले. वर्गीकरणाच्या नियमाने जुनं नाव राहणार, यशवंतरावांचं जाणार.

"मी हे छापतच नाही," इरावती पुटपुटली.

"वेडी आहेस का? छाप!" मॅडमनी बरणी डोळ्यांजवळ धरली. पिवळी मादी पंख मिटून शांत बसली होती. "इतकी वर्षं माझ्या नमुन्यांच्या पेटीत तो एकटाच होता गं. तुझे किती आभार मानू? आमच्या दोघांतलं एक तरी आता एकटं नाही."