दोन्ही टोकांची चावी

कल्पना करा बरं, तुम्ही आईच्या टेबलाखाली मांडी घालून बसला आहात. वर आईचं काम चाललंय, स्पीकर चालू आहे. बबडी रोज संध्याकाळी तश्शीच बसायची.

आईच्या कंपनीची दोन ऑफिसं होती, एकमेकांपासून लांब. दोन्हीकडे एकेक राउटर, म्हणजे निरोपांना वाट दाखवणारं यंत्र. मधे इंटरनेटमधून काढलेला बोगदा. त्यातून राउटर एकमेकांना वाटा सांगायचे. त्या बोलण्याला ओएसपीएफ म्हणतात. पण एखाद्या भामट्याने मधेच घुसून खोट्या वाटा सांगितल्या तर? म्हणून दोन्ही टोकांना एकच गुप्त चावी, अक्षरांची आणि आकड्यांची. जुळली तर शेजारी. नाही जुळली तर कट्टी.

हे सगळं आई शिकवायची. बबडीला नव्हे, पलीकडच्या ऑफिसातल्या नव्या मुलीला.

"शाब्बास गं माझी राणी!" आई म्हणाली, की बबडीच्या पोटात दुखायचं. आईची राणी तर बबडी होती!

"आई, माझं चित्र बघ ना."

"थांब गं. हिची उद्या परीक्षा आहे."

दुसऱ्या दिवशी परीक्षेला फोनवर साहेबही होते. नव्या मुलीने तिकडच्या राउटरला चावी घालून दोघांना शेजारी करून दाखवायचं होतं. आईने आपल्या टोकाला चावी घातली, माइक बंद केला आणि चार्जर आणायला आत गेली.

बबडी खुर्चीवर चढली. रोज टेबलाखालून डोकं वर काढून बघून बघून तिला पाठच झालं होतं. चावीची तीच ओळ तिने पुन्हा टाइप केली, फक्त शेवटच्या साताचा आठ केला.

आईने परत येऊन माइक चालू केला, तेव्हा बबडी टेबलाखाली होती.

"चावी घातली, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "पण शेजारी दिसत नाहीये."

"नीट बघ गं."

"बघितली. बरोबर आहे." आवाज रडवेला झाला होता.

"राहू दे," साहेब म्हणाले. "हिला अजून वेळ लागणार. तोवर दोन्ही टोकं तुम्हीच सांभाळा, मॅडम."

आईने माइक बंद केला आणि डोळे पुसले.

बबडी फणकाऱ्याने बाहेर आली. "नापास ती झाली, तू का रडतेस? तुझी कोण लागते ती?"

"ती पास झाली असती, तर उद्यापासून संध्याकाळचं काम तिच्याकडे जाणार होतं, बाळा. साहेबांच्या हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं. म्हटलं, संध्याकाळी तरी तुझ्याजवळ बसता येईल."

"चला, ठेवतो मग," स्पीकरमधून साहेब म्हणाले.

बबडीने आईच्या हातावरून झेप घेऊन माइक चालू केला. "ठेवू नका, काका! त्या ताईची चावी बरोबर आहे. आमची मी बिघडवली!"