राजानं कवच का उतरवलं

"मालिकेच्या कालच्या भागात राजानं कवच उतरवलं ते कंटाळून," डायलिसिसच्या खाटेवरून सुरवसे म्हणाले. "अमर राहून राहून जीव विटला त्याचा."

शेजारच्या खाटेवरच्या इंदुताईंनाही तसंच वाटलं होतं. पण सुरवशांनी मघाशीच नर्सला सांगितलं होतं, आता बास, परवापासून मी येणार नाही.

"काहीतरीच!" इंदुताई म्हणाल्या. "राणीपाशी ठेवायला दिलंय त्यानं. पुढच्या भागात परत मागतो बघा."

"नाही मागणार."

"लावता पैज? माझ्या वाटणीचा अर्धा कप चहा."

"अहो, दिवसभरात तेवढाच तर मिळतो तुम्हाला!"

"म्हणूनच थर्मासमध्ये आणीन. जिंकलात तर परवा इथं येऊन प्यायचा."

यंत्र घरघरत राहिलं. इंदुताईंनी डोळे मिटले. एवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली होती.

बऱ्याच वेळानं शेजारून आवाज आला, "साखर बेतानं घाला."